डॉक्टरांच्या अकरा चिठ्ठ्या

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे या, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक घोडा आहे, पण तो कागदावरचा. आणि दोन शहाणी माणसं आहेत… शहाणी माणसं प्रेमात पडली की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगावं. ऐका तर.

ती ग्रंथपाल होती. शाळांना पुस्तकं पुरवणाऱ्या कार्यालयात तळमजल्यावर तिचं टेबल. तिथला नियम असा, की मुलांची कोणतीही नवी कादंबरी आधी दोघांनी वाचायची – एक पुस्तकातला माणूस, एक विषयातला. दोघांचं ‘हो’ आलं, तरच ती शाळांत जायची. या खेपेची कादंबरी होती एका मुलीची आणि तिच्या म्हाताऱ्या घोड्याची. म्हणून विषयातला माणूस ठरला जनावरांचा डॉक्टर.

प्रत पोचवायला खरं म्हणजे शिपाई जायचा, पण तो रजेवर. बाहेर भुरभुर पाऊस. कागद भिजू नयेत म्हणून हिने ते टॉवेलात गुंडाळले, पोटाशी धरले आणि तशीच दवाखान्यात शिरली. डॉक्टर एका सशाची नखं कापत होते. मान वर न करताच त्यांनी हात पुढे केले.

“द्या इकडे… हळू. श्वास घेतंय ना?”

तिने गुंडाळी त्यांच्या हातांवर ठेवली. मग म्हणाली, “ते अजून ठरायचंय. त्यासाठीच तुमच्याकडे आणलंय.”

डॉक्टरांनी टॉवेल उलगडला, आत कादंबरी पाहिली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. ससा तेवढ्यात टेबलाखाली पळाला. तो धरायला दोघांना गुडघ्यांवर यावं लागलं. ओळख झाली ती अशी, टेबलाखाली.

कार्यालयाची वाचायची रीत मोठी कडक. एक प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या – डोळ्यांपुढे काय उभं राहिलं, कोणता प्रश्न पडला, आणि पुढे काय होईल असं वाटतं. चिठ्ठी पाकिटात बंद. दर शनिवारी दोघांची पाकिटं समोरासमोर फोडायची. वाचणाऱ्याला पुढचं सगळंच आधी कळलं तर गोष्ट शिळी, आणि काहीच कळेना तर गोष्ट आंधळी, असा हिशेब.

शनिवारची बैठक दवाखान्याच्या बाकावरच भरू लागली. एका बाजूला शिंकणारं मांजर, दुसऱ्या बाजूला पट्टी बांधलेला कुत्रा, मध्ये ही दोघं. ती यायच्या आधी डॉक्टर बाक आपल्या बाहीने पुसून ठेवत. तिला ते दिसे. दिसलं नाही असं ती दाखवे.

डॉक्टरांचे प्रश्न नेमके असत. तबेल्यात रात्री पाणी कोण ठेवतं, ते लिहायचं राहिलंय – असे. पण पुढच्याचा अंदाज म्हणाल तर आनंदच. पहिल्या प्रकरणानंतर त्यांनी लिहिलं, कुणी श्रीमंत गृहस्थ घोडा विकत घेऊन हिरव्या कुरणात सोडेल. तिसऱ्यानंतर, घोडा जहाजात चढून निघून जाईल. सातव्यानंतर तर राजवाड्यातून बोलावणं येणार होतं. तिने विचारलं, की अख्ख्या गोष्टीत एक पिठाची गिरणी आणि एक पूल, यात राजवाडा कुठून आला. ते म्हणाले, पुलाच्या पलीकडे असेल, आपण कुठे गेलोय.

“डॉक्टर, रोगाचं निदानही असंच करता?”

“निदान चुकत नाही माझं,” ते चष्मा पुसत म्हणाले. “औषधाची मात्र घाई होते…”

ती हसली. घरी गेल्यावरही हसत राहिली. ती भावाकडे राहायची, आणि तिच्या वहिनीची नजर म्हणजे घारीची. शनिवारी कार्यालय अर्धा दिवस आणि आरसा दुप्पट वेळ, हे तिने दुसऱ्याच आठवड्याला हेरलं होतं.

सहा शनिवारांत बारा प्रकरणं संपली, आणि शेवटचा अभिप्राय आला. तिचा – ‘अवश्य द्यावी’. डॉक्टरांचा – ‘मुलांच्या हाती देऊ नये’. कारणाची जागा कोरी.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. कारण हस्तलिखितासोबत लेखिकेचं पत्र होतं. एका म्हातारीचं, जन्मभर गिरणीत काम केलेल्या बाईचं. तिने लिहिलं होतं, ही दोनदा परत आली आहे; या वेळी आली तर पुन्हा पाठवणार नाही, हात आता पेन धरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरांच्या अकराही चिठ्ठ्या – बाराव्या प्रकरणापुढे अंदाज कसला – स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडल्या. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वरूनच एक नजर टाकली.

“अगं ताई, या माणसाने घोड्याला अकरा वेळा पळवून लावलंय.”

आणि ताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विकला काय, जहाजात चढवला काय, राजवाड्यात धाडला काय – दर वेळी घोडा त्या तबेल्यातून बाहेर. आणि कादंबरीच्या शेवटी घोडा मरतो, तो त्याच तबेल्यात. ज्याला ते आधीपासून ठाऊक आहे, तोच त्याला इतक्या जिवाच्या आकांताने तिथून काढेल.

वहिनीने चिठ्ठीवरची सही पाहिली आणि घडी तशीच राहिली. हाच तो डॉक्टर, परवा घरी येऊन गेला म्हणे. मांजराच्या गोळ्यांचं निमित्त काढून आला. घरात मांजर नाही हे त्याला वहिनीनेच सांगितलं. मग त्याने अडखळत विचारलं, की ताईंना लग्नाचं विचारलं तर त्या काय म्हणतील.

“मग तू काय सांगितलंस?”

“खरं ते सांगितलं. आजवर तिघांना नाही म्हणालीय, तुम्ही चौथे धरा.”

कादंबरीची प्रत उचलून ती तशीच चप्पल घालून निघाली. रविवार, दवाखाना बंद. डॉक्टर मागच्या खोलीत पिंजरे धूत होते.

“शेवटचं पान कधी वाचलंत?”

डॉक्टरांनी नळ बंद केला. “पहिल्याच दिवशी… तुम्ही पायऱ्या उतरत होता तेव्हा.” मग हळूच सांगू लागले. इथे येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, जगेल ना. आणि त्यांना कधीच ठाम सांगता येत नाही. निदान पुस्तकात तरी आधी कळावं, म्हणून लहानपणापासून ते मागूनच उघडतात. हा घोडा मरतो कळलं, तेव्हापासून झोप नाही.

“म्हणजे तुम्ही कादंबरी वाचलीच नाहीत,” ती म्हणाली. “तबेल्याच्या दारात पहारा दिलात नुसता.”

तिने प्रत त्यांच्या ओल्या हातात ठेवली. आता पहिल्यापासून वाचा, माझ्यासमोर, म्हणाली. चिठ्ठी नाही, अंदाज नाही.

डॉक्टर बसले. दुपार कलली. ती समोरच्या स्टुलावर, मांडीवर कुणाचं तरी पिल्लू. दोन-तीनदा त्यांचा हात सवयीने शेवटच्या पानांकडे गेला. तिने नुसतं खाकरलं, की हात परत. नवव्या प्रकरणाला ते हसले. अकराव्याला वाचायचे थांबले, खिडकीबाहेर पाहत राहिले, पुन्हा वाचू लागले. बाराव्यात ती मुलगी घोड्याशेजारी बसते, त्याने आयुष्यभर ओढलेल्या ओझ्यांची नावं एकेक करून त्याला सांगते, आणि सकाळी एकटीच पूल ओलांडून शाळेत जाते. डॉक्टरांनी चष्मा काढला.

“माझा पेशंटच चुकला,” ते म्हणाले. “मी सारखा घोड्याकडे बघत होतो. पेशंट ती मुलगी होती… आणि ती बरी होते.”

त्यांनी अभिप्रायाचा नवा कागद मागितला, ‘अवश्य द्यावी’ लिहिलं, आणि कारणाची जागा भरून पाठीमागेही लिहीत गेले. कागद तिला दिला, पण सोडला नाही.

“दुसरंही एक विचारायचंय. उत्तर ‘नाही’ आहे, ते कळलंय मला. तरी विचारतो… माझ्याशी लग्न कराल?”

तिने पिल्लू खाली ठेवलं.

“त्या तिघांनी मला विचारलंच नव्हतं. दादाला विचारलं होतं, मी ‘नाही’ दादाला म्हटलं. मला विचारणारे तुम्ही पहिलेच.”

“मग…?”

“मग काय. हो.”

आता उठायच्या आधी एवढं ऐका. पंधरा दिवसांनी त्या गिरणीतल्या म्हातारीला पत्र गेलं, की तुमची कादंबरी सगळ्या शाळांना मंजूर झाली आहे. पत्र चार ओळींचं, सरकारी. तिच्या घोड्याने कुणाचं लग्न जमवलं, ते तिला कुणी कळवलं नाही. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा घरच्यांसाठी मागून झालं, की घटकाभर तिचीही आठवण काढा. कुणासाठी, ते सांगत बसू नका. त्याला कळतं.