दगडाबाईच्या गाठोड्यातलं चॉकलेट

वैशाखातली भर दुपार. वालूरच्या आबासाहेबांच्या ओसरीवर दगडाबाईचं गाठोडं उपसून पडलं होतं, आणि त्यातून निघालेली चॉकलेटची वडी सूनबाई कस्तुराबाई गल्लीला दाखवत होती.

"कालपासून हुडकायलोत! चोर घरातच निघाली!"

दगडाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. या घरच्या भाकरी थापता थापता केस पिकले, आणि आता चोर?

आबासाहेबांनी बोलावलेले व्यंकटराव पुढे झाले. निजामाच्या पोलिसातली नोकरी सुटल्यावर ते खाजगी तपास करत. त्यांनी गल्लीच्या तोंडावर दार लोटलं.

"मुद्देमाल सापडला, आता राहिलं काय?" सोबतचा मुंजाजी म्हणाला.

व्यंकटरावांनी वडी पाहिली. कोपरे धारदार, कागद दमट. त्यांनी ती हुंगली.

"हिचं एवढं काय कौतुक, आबासाहेब?"

"हैद्राबादच्या डॉक्टरनं दिली. काळी, कडू, साखर नावाला. रोज नखाएवढी खाल्ली की हृदयाला बरी, म्हणला. मला गुण यायलाय. त्यातलं अर्धं दगडाबाईला देतो. तिचीबी छाती धडधडते."

कस्तुराबाईनं नाक मुरडलं.

आबासाहेबांचा मुलगा रामकिशन म्हणाला, "मी काल पहाटेच मानवतला गेलतो. आत्ता येऊन गाडी सोडायलोय."

"गाठोडं कुठं असतं गं, दगडाबाई?"

"गोठ्याच्या पत्र्याखाली. तिथं गूळबी पाझरायलाय, साहेब!"

व्यंकटरावांनी पाणी मागितलं. कस्तुराबाईनं रांजणातलं आणलं.

"वाळ्याचं नाही का?"

"तो देवघरातला माठ, सोवळ्याचा. माझ्याबिगर तिथं कुणी पाय ठेवत न्हाई!"

"मग झालं तर," व्यंकटराव म्हणाले. "पत्र्याखाली गूळ पाझरतो, आणि कालचं चॉकलेट शाबूत? ते गारव्यात होतं, ओल्या माठाला टेकून. कागद दमट, त्याला वाळ्याचा वास. गाठोड्यात ते आत्ताच गेलं."

"पण गारव्यात कशाला?" मुंजाजीनं विचारलं.

"वितळलेला लगदा गल्लीला काय दाखवणार?"

कस्तुराबाई उसळली. "कामवालीनं मालकाचं औषध खायचं? घराला काही इज्जत हाय का न्हाई?"

"मला काय काळीज न्हाई, वैनी?" दगडाबाई कडाडली.

आबासाहेबांनी तिच्यापुढे एक तुकडा धरला. तिनं हात मागं घेतला.

"ते ऱ्हाऊ द्या. वैनी, ज्या तोंडानं गल्लीला चोर म्हणलात, त्याच तोंडानं खरं सांगा. न्हाईतर या चुलीला माझा हात न्हाई."

कस्तुराबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. रामकिशननं मान फिरवली. दगडाबाईनं स्वतः दार सताड उघडलं. कस्तुराबाई पदर सावरत दारापुढच्या ओट्यावर गेली, काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं," दगडाबाई म्हणाली. "वेशीपस्तोर जाऊ द्या."