फाइश्काचा डावा डोळा

नोव्हेंबरातल्या पावसाने ओढ्यावरचा पूल नेला, तेव्हा त्या डोंगरातलं गाव तीन दिवस जगापासून तुटलं. गाव तरी केवढं! अकरा घरं, त्यातल्या तीनच घरांच्या धुराड्यांतून धूर निघणारा. सगळ्यात वरचं दगडी घर एर्मेलिंदाचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, अदेलिनूचं. ती सत्तरीची, तो सहासष्टचा. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. भांडायला एकमेकं होती आणि माया करायला फाइश्का, दहा वर्षांची पिवळट कुत्री.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाइश्का अदेलिनूबरोबर चेस्टनट वेचायला गेली आणि डावा डोळा मिटून परत आली. काटेरी बोंड लागलं असेल म्हणून एर्मेलिंदाने कोमट पाण्याने डोळा पुसला. दुपारपर्यंत त्यावर निळसर धूसर साय धरली. कुत्री भिंतीला डोकं टेकून उभी राहिली आणि बारीक आवाजात कण्हू लागली.

घरात फोन लागत नसे. बाहेरच्या दगडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, तेही ओढ्याकडे तोंड करून, लागे. डोक्यावर पोतं घेऊन एर्मेलिंदाने शहरातल्या जनावरांच्या डॉक्टर ओतीलियांना फोन लावला.

"दोना एर्मेलिंदा, गाडी तर येऊच शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्याचे फोटो पाठवा. फ्लॅश लावू नका. खिडकीपाशी बसवा, उजेड बाजूने येऊ द्या, फोन वीतभर लांब धरा. पापण्या उघड्या धरायला दुसरं माणूस लागेल. ही साय डोळ्याच्या वर आहे की आत, तेवढंच मला बघायचंय. वर असेल तर एक औषध, आत असेल तर दुसरं. उलटं घातलंत तर डोळा जाईल."

दोन्ही औषधं पलीकडच्या गावातल्या दुकानात होती. वरच्या अंगाला ओढ्यावर फळ्या टाकलेल्या होत्या, तिथून पायी पाऊण तास. दुकान सातला बंद होई. उद्यावर टाकू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

साडेतीन वाजले होते. मागच्या खोलीची खिडकी मोठी होती, म्हणून दोघांनी फाइश्काला तिथे नेलं. खिडकीखाली घळ होती, सरळ तीन पुरुष खोल. खोलीत वाळत घातलेल्या चेस्टनटांचा गोडसर वास, ओल्या कुत्रीचा वास आणि छपरावर पावसाची एकसारखी टपटप.

पहिल्या फोटोत नाक आलं. दुसऱ्यात चुकून फ्लॅश पडला आणि डोळ्याच्या जागी हिरवा जाळ दिसला. तिसऱ्यात अदेलिनूचा अंगठा.

"अंगठा बाजूला घे ना!"

"अंगठा घेतला की पापणी मिटते. मग काय, पापणीचा फोटो पाठवणार?"

"एक पापणी धरता येत नाही तुला. म्हणे शिकारी!"

"शिकारीत कोणाच्या पापण्या धरत नाहीत, लिंदा."

नवव्या खेपेला काहीतरी गोल आणि ओलं आलं. फोन लांबच्या भाचीने टाकून दिलेला होता, काच तडकलेली, त्यात एर्मेलिंदाची नजर अधू. डोळ्यात एक काळी उभी रेघ आहे, एवढंच तिला दिसलं. ती पोतं घेऊन पायरीवर गेली आणि फोटो पाठवला.

"खिडकीपाशी उभे आहेत त्यांना सरकायला सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "सावली नेमकी बुबुळावर येतेय. मला काही दिसत नाही."

एर्मेलिंदा भिजत परत आली ती करवादतच. "तुला खिडकीत उभं राहायला कोणी सांगितलं होतं?"

"मी?" अदेलिनू जमिनीवरूनच म्हणाला. "मी मघापासून इथे बसलोय, कुत्री मांडीत घेऊन. पाय मेलेत माझे."

पुन्हा फोटो, पुन्हा पोतं, पुन्हा पायरी.

"अजून तिथेच आहेत," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता जरा चढला होता. "भाऊ नाही हो. बाई आहेत त्या, डोक्याला फडकं बांधलेल्या. खिडकीला पाठ करून उभ्या आहेत. सांगा ना त्यांना."

"डॉक्टर, घरात आम्ही दोघंच आहोत."



"मग कोट टांगला असेल, पडदा असेल. काय आहे ते काढा. उजेड चाललाय."

कोट नव्हता. एर्मेलिंदाने पडदा ओढून काढला, कडीसकट. खिडकीसमोरची खुर्ची बाहेर नेली. खिडकीत ओला डोंगर सोडून काही उरलं नाही. मग तिने उजव्या, चांगल्या डोळ्याचाही फोटो घेतला आणि दोन्ही बरोबर पाठवले.

या वेळी डॉक्टरांचा आवाज खाली आला होता. "उजव्या डोळ्यात खिडकीचा चौकोन दिसतो. फोन धरलेल्या तुम्ही दिसता. बस. आणि डाव्यात..."

"डाव्यात काय?"

"आता त्या तुमच्या मागे आहेत, दोना एर्मेलिंदा. अगदी मागे... मोठा करून बघितला मी. डोकं खिडकीच्या वरच्या चौकटीला लागतंय."

एर्मेलिंदा पायरीवर उभी राहिली. पोत्यातून पाणी मानेवर उतरत होतं. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या वर काहीतरी उकळत होतं. तासभर ती वर-खाली करत होती, गुडघे बोंबलत होते, आत कुत्री कण्हत होती, आणि एक साधा फोटो निघत नव्हता.

ती आत आली तेव्हा खोलीत गारठा होता. वासही बदलला होता. चेस्टनटांचा गोडवा गेला होता आणि वर्षानुवर्षं न पेटलेल्या चुलीच्या राखेचा, भिजलेल्या लोकरीचा वास येत होता. अदेलिनू कुत्रीला छातीशी धरून बसला होता. डॉक्टर काय म्हणाल्या ते तिने त्याला सांगितलं.

"लिंदा..." तो कुजबुजला. "आई तर नसेल?"

"आई माझ्या खांद्याला लागायची. ही खिडकीएवढी आहे."

"मग कोण?"

"मला काय विचारतोस!"

फाइश्का गुरगुरत नव्हती. तिचं शेपूट जमिनीवर हळूहळू हलत होतं. मिटल्या डोळ्याची बाजू वर करून ती एर्मेलिंदाच्या खांद्यावरून, तिच्या डोक्याच्याही वर कुठेतरी, तोंड करून बसली होती. ओळखीचं माणूस आलं की बसायची तशी.

पावणेपाच झाले. डोंगरामागे उजेड विझत चालला होता. फार तर दहा मिनिटं.

एर्मेलिंदा वळली. मागे कोणी नव्हतं. उघडी खिडकी, रिकामी भिंत. त्या रिकाम्या जागेकडे बघून ती ओरडली, शेजारणीवर ओरडावं तशी.

"कोण आहेस ते मला ठाऊक नाही, आणि आज विचारायला वेळही नाही! इथे पोरीचा डोळा जायची वेळ आलीय आणि तू उजेड अडवून उभी! मदत करायची असेल तर कर, नाहीतर सरक बाजूला!"

अदेलिनूने क्रूसाची खूण केली.

क्षणभर काही झालं नाही. मग खिडकीपाशी फळी करकरली. एकदा. मग अलीकडची. मग त्याच्याही अलीकडची, अदेलिनूच्या पाठीमागची. आणि खोली उजळली. फार नाही, कोणी दारातून बाजूला झाल्यावर होते तेवढीच.

"काढ..." अदेलिनू ओठांतल्या ओठांत म्हणाला. "लिंदा, लवकर काढ..."

तिने दोन्ही हातांत फोन घट्ट धरला. दिवसभर एकदाही आपणहून न उघडलेला डोळा समोर सताड उघडा होता, ओला, निळसर, न थरथरता. अदेलिनूने या वेळी पापणी नीट धरली, एवढंच तिच्या मनात आलं. तिने फोटो काढला.

पायरीवर डॉक्टरांचा आवाज एकदम मोकळा झाला. "हा! असा पाहिजे होता! साय वर आहे. ओरखडा आहे, लांब, पण वरच्यावर. निळ्या खोक्यातले थेंब आणा, दर चार तासांनी एक. आणि त्या बाईंना म्हणावं, आभारी आहे."

अदेलिनू कंदील घेऊन निघाला आणि आठच्या सुमारास चिखलाने माखून औषध घेऊन आला. तेवढे तीन तास एर्मेलिंदा कुत्रीला घेऊन स्वयंपाकघरात चुलीपाशी बसली. मागच्या खोलीचं दार तिने ओढून घेतलं होतं. आतून काही आवाज आला नाही.

डोळा वाचला. चौथ्या दिवशी साय पातळ झाली, आठव्या दिवशी फाइश्का कोंबड्यांच्या मागे धावली. तोवर ओढ्यावर लोखंडी पूल टाकला होता आणि डॉक्टर ओतीलिया स्वतः गाडी घेऊन आल्या. कुत्रीला तपासून त्या खूश झाल्या. एर्मेलिंदाने कॉफी आणि भाजलेले चेस्टनट पुढे केले. त्या बाईचा विषय कोणीच काढला नाही. डॉक्टरांनी एकदा मागच्या दाराकडे बघितलं, तेवढंच.

"तुमचा शेवटचा फोटो मी दवाखान्यातल्या मुलींना दाखवते," कॉफी फुंकत त्या म्हणाल्या. "दुखऱ्या डोळ्याची पापणी कशी धरावी ते शिकवायला. सेन्योर अदेलिनू, हात फार हलका आहे तुमचा."

अदेलिनूने मान वर केली. "कुठला हात?"

"पापणी धरलेला."

"मी पापणी धरलीच नव्हती. माझे हात कापत होते. दोन्ही हातांनी तिचा जबडा धरला होता मी."

डॉक्टरांनी बहिणीकडे बघितलं.  तिच्या दोन्ही हातांत तर तेव्हा फोन होता.

मग डॉक्टरांनी आपला फोन काढून टेबलावर ठेवला. त्याची काच मोठी होती आणि साफ. फाइश्काचा डोळा, त्यात फक्त खिडकीचा स्वच्छ चौकोन. खाली जबड्याला अदेलिनूची जाड, चिरलेली बोटं. आणि डोळ्याच्या वर-खाली, दोन्ही पापण्यांना अलगद ताणून धरणारी आणखी दोन बोटं. लांब, राखाडी, नखं मुळापर्यंत झिजलेली. ती बाजूने आलेली नव्हती. ती वरून खाली आली होती.

डॉक्टरांनी कॉफी अर्धी टाकली आणि अंधार पडायच्या आत निघते म्हणून त्या निघाल्या. तेव्हा अकरा वाजले होते, सकाळचे.

अदेलिनूने मागच्या खोलीला कुलूप लावलं. पण पावणेपाच होत आले की फाइश्का त्या दाराशी जाऊन ओरखडते, आणि उघडेपर्यंत थांबत नाही. शेवटी एर्मेलिंदा वैतागून उघडते. कुत्री खिडकीपाशी जाऊन बसते, हनुवटी वर करते आणि हलत नाही. जवळ कोणी नसतं. तिच्या डाव्या डोळ्याची वरची पापणी हळूहळू वर ओढली जाते, खालची खाली, इतकी की बुबुळाभोवती सगळीकडे पांढरं दिसू लागतं. पूर्ण काळोख होईपर्यंत ती तशीच राहते.

परवापासून उजव्या डोळ्याचीही.