बगळ्यांचं मैदान

टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की ते टेबल कुणाचं तरी झालं, एवढं विभाला सिंगापूरच्या तीन वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. पण बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या, खाण्याच्या गाळ्यांसमोरच्या त्या टेबलावर पाकीट नव्हतं. एक जुनी, चुरगळलेली पुस्तिका होती. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, मार्चमधल्या शनिवारची गर्दी होती, बॅडमिंटन खेळून पाय दुखत होते. कुणीतरी विसरलेला कागद, असं समजून तिनं आपली ओलीचिंब बॅग त्यावर ठेवली आणि बसली.

"एक्स्क्यूज मी... धिस टेबल इज चोप्ड." चोप्ड, म्हणजे इथल्या बोलीत अडवून ठेवलेलं.

वर पाहिलं तर हातात ट्रे घेतलेला एक उंच तरुण. चष्म्यावर पावसाचे थेंब. त्याची नजर तिच्याकडे नव्हतीच, बॅगेखालच्या पुस्तिकेकडे होती.

"अगं बाई!" विभानं घाईघाईनं बॅग उचलली.

"मराठी?" तो म्हणाला. "मग भांडण जरा सोपं जाईल."

"भांडण कसलं? टेबल अडवायला टिश्यू ठेवतात. हे काय ठेवलंत?"

"टिश्यू नव्हते. फोन ठेवायचा धीर झाला नाही. मग म्हटलं, माझी सगळ्यात मौल्यवान वस्तू ठेवावी... जी दुसरं कुणी उचलणार नाही." त्यानं शर्टाच्या बाहीनं पुस्तिका हलकेच टिपली. "तिच्यावर पाणी ओतणारं कुणी भेटेल, हे मात्र लक्षात आलं नाही."

विभाला हसू आलं, पण ते ओठांवरच थांबलं. मुखपृष्ठावर आडव्या झालेल्या चार मोटारसायकली होत्या आणि खाली नाव होतं – ब्रॅक्सबी हेरन्स, ओल्ड ब्रिकफील्ड.

ओल्ड ब्रिकफील्ड! उत्तर इंग्लंड, साडेसहा एकर. गुरुवारीच रॅफल्स प्लेसच्या ऑफिसमध्ये ती फाईल तिच्या टेबलावर आली होती. तिची कंपनी देशोदेशी जमिनी घ्यायची आणि विकायची. या जागेच्या भाडेकराराची मुदत ऑक्टोबरात संपत होती. क्लबला करार वाढवून द्यायचा, की गोदामांसाठी जागा विकायची, याचा रिपोर्ट विभानं लिहायचा होता.

फाईलमधली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा तिच्या नोकरीचा पहिला नियम. तिनं फक्त विचारलं, "हे काय असतं?"

"स्पीडवे." तो समोर बसला आणि आपला कॉफीचा कप न विचारताच तिच्याकडे सरकवला. "चार जण, चार फेऱ्या, एका मिनिटात शर्यत खल्लास. आणि गाडीला ब्रेक नसतो."

"ब्रेक नसतो? मग थांबतात कसे?"

"थांबायला कोण जातं तिथं?"

त्याचं नाव अनिमेष. मूळचा पुण्याचा. पीएचडीसाठी पाच वर्षं ब्रॅक्सबीत होता, आता इथल्या विद्यापीठात मातीवरच संशोधन करत होता. ब्रॅक्सबीत दर शुक्रवारी संध्याकाळी तो क्लबच्या धावपट्टीची लाल माती दाताळ्यानं सारखी करायचा. मोबदला काय, तर एक मग चहा आणि घरमालकीण पॉलीनबाईंच्या हातचा केक. पॉलीन चाळीस वर्षं तिकीटखिडकीवर बसत होती. पुस्तिकेतल्या चौकटींत प्रत्येक शर्यतीचे गुण पेन्सिलीनं भरलेले होते. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. तिथले सगळे प्रेक्षक हे असं हातानंच भरतात म्हणे, आणि शेजाऱ्याशी ताडूनही पाहतात.

"आणि हेरन म्हणजे बगळा ना?" विभा म्हणाली. "ब्रेक नसलेले बगळे!"

"हसा. सगळेच हसतात."

पण तो स्वतः हसताना इतका छान दिसत होता की विभानं तिसऱ्यांदा चष्मा पुसणाऱ्या त्याच्या बोटांकडे पाहिलं, आणि मग घाईनं पावसाकडे.

पुढच्या शनिवारी ती आली, तेव्हा टेबलावर टिश्यूची दोन पाकिटं होती. "एक तुमचं," तो म्हणाला. त्याच्या पुढच्या शनिवारी 'तुमचं' जाऊन 'तुझं' झालं. कुणी आधी म्हटलं यावर दोघं अर्धा तास भांडली. सेंगकांगच्या फ्लॅटवर परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये विभाला कळून चुकलं, की आता आपलं काही खरं नाही.

कारण तो जे सांगत होता, ते तिला आधीच माहीत होतं. तिच्या फाईलमध्ये ते आकड्यांत होतं, त्याच्या तोंडून ते माणसांसकट येत होतं. पाच हजारांच्या जागी आता सहाशे लोक येतात. चांगले स्वार जास्त पैशांसाठी पोलंड-स्वीडनला जातात. विमा महाग, टायर महाग, आणि डॉक्टर अन् रुग्णवाहिका मैदानात असल्याशिवाय शर्यत सुरूच करता येत नाही. त्यात ऐन वेळी पाऊस आला की सामना रद्द. तिकिटाचे पैसे परत, पण रुग्णवाहिकेचे मात्र द्यावेच लागतात.

"पावसावर चिडायला मी तिथं शिकलो," अनिमेष म्हणाला. "आणि आता जागेचाच करार संपतोय. क्लबनं मालकांकडे दोन वर्षं मागितलीत. उत्तर नाही. मालक कोण, तेही धड कळत नाही. एका कंपनीमागे दुसरी कंपनी... असतात ना असले लोक, कधी तिथं पाऊलही न टाकलेले?"

"असतात," विभा म्हणाली. त्यानं तिच्या केसांत अडकलेलं पान अलगद काढलं, आणि तिला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. ती मूग गिळून बसली.

सोमवारी मात्र ती सरळ मिसेस लिमच्या केबिनमध्ये गेली. मिसेस लिम तिच्या बॉस. कोरड्या, पण न्यायी.

"ओल्ड ब्रिकफील्डची फाईल मला करता येणार नाही. त्या क्लबमधल्या एका माणसाशी... माझं नातं आहे."

"कसलं नातं?"

"अजून नाव दिलेलं नाही."

मिसेस लिमनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव नाही, तरी सांगायला आलीस. ओके. फाईल वरुणकडे दे. आणि हे बघ, निर्णय क्लबला कळेपर्यंत तू त्याला एक अक्षरही बोलायचं नाही. तुझी नोकरी आहे, तुझा इथं राहायचा पासही तिच्यावरच आहे."

विभानं मान डोलावली. फाईल हातात असती तर दोन शब्द इकडचे तिकडे करता आले असते, हा विचार तिला आला नाही असं नाही. आला, म्हणूनच ती उठून गेली होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी अनिमेष आला तो पांढराफटक पडलेला. "जागा विकली. पॉलीनचा फोन होता. रडत नव्हती ती... नुसती गप्प होती."

विभानं कप खाली ठेवला. "अनिमेष, त्या जागेचे मालक म्हणजे माझी कंपनी आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रिपोर्ट माझ्याकडेच होता. तुझ्यामुळे मी तो सोडला. पण तुला सांगता येत नव्हतं..."

त्यानं खुर्ची मागे सारली.

"पाच महिने," तो म्हणाला. "पाच महिने मी तुझ्यासमोर त्या माणसांची दुखणी सांगत होतो, आणि तू ऐकून घेत होतीस. कॉफी पीत."

"अनिमेष..."

"कसं जमलं गं तुला?"

तो उठून गेला. पुढचे दोन शनिवार विभा एकटीच बसली. समोरची खुर्ची मागायला लोक येत आणि ती देऊन टाकी. तिला त्याचा राग येत नव्हता, हेच जास्त जड जात होतं.

मग एका बुधवारी, भर दुपारी, त्याचा मेसेज आला. 'तुझ्या ऑफिसखाली आहे. नदीकडे.'

ऊन रणरणत होतं. डबे घेऊन बसलेल्या लोकांपासून जरा दूर, पायऱ्यांवर तो बसला होता. विभा एक पायरी सोडून बसली.

"एकच विचारायचंय," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "रिपोर्ट तू लिहिला असतास, तर काय लिहिलं असतंस?"

कुठलं उत्तर दिलं तर हा माणूस परत आपला होईल, ते विभाला लख्ख दिसत होतं. जीभ तिकडे वळतही होती. तिनं डोळे मिटले.

"विका... असंच लिहिलं असतं."

"नक्की?"

"फाईल देण्याआधी नऊ वेळा मांडून पाहिलं. भाडं अर्धं केलं, प्रेक्षक दुप्पट धरले. दर वेळी आतबट्ट्याचाच व्यवहार निघाला. दोन वर्षं दिली असती, तर दोन वर्षांनी हेच झालं असतं, आणि तोवर क्लबवर कर्ज चढलं असतं."

तो अगदी हळू म्हणाला, "माझंही तेच आलं होतं."

"काय?"

"गेल्या वर्षी. पॉलीनच्या स्वयंपाकघरात बसून मी सगळं मांडलं होतं. चालणं शक्यच नव्हतं. कुणाला सांगितलं नाही."

"का?"

"कसं सांगणार? ती ओव्हनमधून केक काढत होती. पुढच्या सीझनची तिकिटं कुठल्या रंगाची छापायची, ते मला विचारत होती. तिच्या तोंडावर..." तो थांबला. स्वतःचेच शब्द त्याला ऐकू आले असावेत. त्यानं चष्मा काढला. डोळे लाल होते. "मी वर्षभर गप्प बसलो, विभा. मला तर कुठल्या नोकरीची अडचणही नव्हती."

विभानं पर्समधलं टिश्यूचं पाकीट त्याच्याकडे सरकवलं.

"त्या दिवशी फार बोललो का मी तुला?"

"हो."

"चुकलं माझं."

"एक सांगू?" ती म्हणाली. "तू मला आवडतोस. फार. पहिल्या दिवसापासून वगैरे नाही... तिसऱ्या शनिवारपासून."

त्याच्या चेहऱ्यावर अवचित हसू आलं आणि तिथंच थरथरलं. "तिसऱ्या? मला तर तू पहिल्यापासूनच. पण तुझं म्हणणं खरं मानावंच लागेल."

"का?"

"आत्ताच तर माझ्या तोंडावर 'विका' म्हणालीस. जी ते म्हणू शकते, ती हे उगाच कशाला म्हणेल?" तो मधली पायरी सरकून तिच्या शेजारी आला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. शेवटचा सामना ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी आहे. येशील?"

"मी? मालकांकडचं माणूस... तिथं?"

"पॉलीनला मी आधी सांगणार आहे. तू कोण तेही, आणि माझं गणितही. चिडेल. कदाचित दारातही उभं करणार नाही. पण खोटं पोटात ठेवून मला त्या मैदानावर शेवटचं उभं राहायचं नाही."

कधी न पाहिलेल्या त्या साडेसहा एकरांसाठी विभाला एकदम रडू फुटलं. तिथं पाच-सहाशे माणसं असतील, चाळीस वर्षं तिकिटं फाडणारी एक बाई असेल, आणि पुढच्या वर्षी तिथं गोदामं असतील. आकडे बरोबर होते, तरी रडू थांबत नव्हतं. अनिमेषनं तिचा हात हातात घेतला आणि तिला रडू दिलं.

लंच अवर केव्हाच संपला होता. विभानं रजेचा अर्ज तिथंच फोनवर टाइप केला, एका हातानं. दुसरा त्यानं सोडला नव्हता.