क्वाम्यांच्या तळघरातलं भोक

"माणसाने आकाश जिंकलं, समुद्र जिंकला. आजपासून या घराखालची पृथ्वीही आपली आज्ञा पाळेल!" तळघराच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून व्हर्लिन क्वामे यांनी जाहीर केलं. कारागीर कर्टचं ड्रिल फरशीच्या काँक्रीटमधून आरपार गेलं आणि त्याच क्षणी घरातली वीज गेली.

"पृथ्वीचं नंतर बघ," वरून त्याच्या बायकोचा, आर्डिसचा आवाज आला. "माझा फ्रीझर बंद पडलाय."

व्हर्लिनने गावच्या हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. रेडॉन या किरणोत्सारी वायूला रंग नसतो, वास नसतो, आयोवा राज्याच्या मातीतून तो गुपचूप घरात शिरतो आणि फुप्फुसाचा कॅन्सर करतो, हे त्याने निम्म्या गावाकडून पाठ करून घेतलं होतं. स्वतःचं घर मात्र कधी तपासलं नव्हतं. मग वसंतात डॉक्टरांनी आर्डिसचं अर्धं फुप्फुस काढलं. तिने आयुष्यात सिगारेट हातात धरली नव्हती. मग घर तपासलं, तर रेडॉनचा आकडा आला एकोणीस. चारच्या वर गेला की हातपाय हलवावेत असा नियम. आर्डिसच्या गोधड्या शिवायची चौकट तळघरात होती, आणि दर हिवाळ्यात ती तिथेच बसलेली असायची. आता तिचं उरलेलं दीड फुप्फुस सांभाळायचं होतं. उपाय सोपा होता: फरशीला भोक, भोकात पाइप, पाइपवर पंखा. जमिनीखालची हवा घरात येण्याआधीच ओढून छपरावर सोडून द्यायची.

अंधारात भोकातून गारवा येत होता. ओल्या दगडाचा वास होता. मग कुणीतरी घसा साफ केला, चर्चमध्ये भजन सुरू होण्याआधी करतात तसा, अदबीने.

व्हर्लिनला वाटलं, कर्ट. एकेकाळचा त्याचा विद्यार्थी.

"कॉफी घेणार?"

"नको. उगाच त्रास."

"त्रास कसला? घे की."

"नको, खरंच नको."

त्या मुलखात पहिले दोन नकार कुणी मोजत नाही. ते फक्त म्हणायचे असतात. तिसऱ्यांदा आग्रह केला नाही, तर माणसं वर्षभर नावं ठेवतात.

"अरे, केलेलीच आहे. ये वर."



"बरं. केलेलीच आहे म्हणता, तर अर्धा कप."

दिवे लागले. तळघरात व्हर्लिन होता, बंद पडलेलं ड्रिल होतं आणि फरशीत गोल, काळं भोक होतं. जिन्यावरून कर्ट हात पुसत खाली आला.

"गॅरेजमधला स्विच पडला होता, सर. कुणाशी बोलत होतात?"

"स्वतःशी," व्हर्लिन म्हणाला. शिक्षकाने असं म्हटलं की कुणी संशय घेत नाही.

आर्डिसने तीन कप भरले होते. कर्टला अल्सर, तो कॉफीला शिवत नसे. त्याचा भरलेला कप तळघराच्या वरच्या पायरीवरच राहिला. संध्याकाळी व्हर्लिनने तो उचलला, तेव्हा तो अर्धा होता.

पंखा उत्तम चालला. आकडा एकोणीसवरून एकावर आला. आर्डिस पुन्हा खाली जाऊन बसू लागली. पहिल्या दिवशी तिचं गुणगुणणं जिन्यावरून वर आलं, तेव्हा व्हर्लिन स्वयंपाकघरात पेपर उघडून बसला आणि बराच वेळ त्यातलं एक अक्षरही त्याला दिसलं नाही.

पाइपवर काचेची एक वाकडी नळी होती आणि तिच्यात लाल तेल. पंखा ओढत असला की तेल एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली, असं स्थिर उभं राहायचं. आठवड्याभरात ते हलू लागलं. सावकाश वर. थांबून, सावकाश खाली. व्हर्लिन म्हणाला, छपरावर वारा असेल. बाहेर बर्फ सरळ रेषेत पडत होतं. तो म्हणाला, घर तापवायच्या भट्टीमुळे. भट्टी बंद होती. मग त्याच्या लक्षात आलं की आपण तेलाच्या तालावर श्वास घेतोय. त्याने श्वास रोखला.

तेल थांबलं नाही.

"खाली कुणीतरी मांड्यांवर हात मारतं," आर्डिस दोरा ओवता ओवता म्हणाली. "दोनदा. आणि म्हणतं, 'चला, निघावं आता.'"

"थंडीने पाइप आखडतो गं."

"आणि पाइपला निघावंसं वाटतं?"

"आर्डिस, आपण लुथरन पंथाचे आहोत. आपल्याकडे भुतं नसतात."

"मी भूत कुठे म्हटलं? पाहुणा म्हणतेय. वळण चांगलं आहे त्याला."

व्हर्लिनने दुसऱ्या दिवशी स्वतः ऐकलं. मांड्यांवर दोन थापा. *चला, निघावं आता.* त्याला हायसं वाटलं. जातोय तर जाऊ दे! पण त्या गावात निघतो म्हणून कुणी निघत नाही. एकदा खुर्चीत निघायचं, मग जिन्यात, मग स्वयंपाकघरात, मग दाराच्या कडीवर हात ठेवून, मग गाडीच्या खिडकीतून. पुढच्या वेळी थापा जिन्याच्या तळाशी वाजल्या. त्यानंतर मधल्या पायरीवर. तेव्हा व्हर्लिनला कळलं, की फरशीखालून जो निघतो, त्याची बाहेर जायची वाट घरातूनच आहे.

त्याने कर्टला बोलावलं.

"पंखा ठणठणीत आहे, सर. दोन दिवस बंद ठेवून बघू या का?"

"हात लावू नकोस!" व्हर्लिन इतक्या जोरात ओरडला की आर्डिसचं गुणगुणणं थांबलं.

"सर," कर्ट हळूच म्हणाला, "शाळेत असतानासुद्धा तुम्ही कधी ओरडला नाहीत."

रविवारी चर्चहून आल्यावर आर्डिस बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत झोपली. तिचा श्वास आखूड होता आणि त्याच्या शेवटी बारीक शिटी वाजायची. ती शिटी ऐकतच व्हर्लिन तळघरात उतरला.

पंखा चालू होता. नळीतलं तेल एका बाजूला वर, एका बाजूला खाली, हवं तसं उभं होतं. हलत नव्हतं.

त्याला आनंद झाला.

मग तो ओसरला. श्वास घेणारं आता खाली कुणी नव्हतं.

वर स्वयंपाकघरात खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

तो वर गेला. टेबलाजवळची खुर्ची बाहेर काढलेली होती. तिच्यावर कुणी नव्हतं. बैठकीवर ओली, करडी माती होती आणि ती हळूहळू खोल दबत होती.

"पंखा जरा बंद कराल का?" संकोचलेला, ओळखीचा आवाज. "खाली सगळं गार पडलंय."

व्हर्लिनने जन्मात कुणाला सरळ नकार दिला नव्हता. शेजारच्या खोलीत शिटी वाजली.

"नाही," तो म्हणाला.

"थोडाच वेळ."

"नाही."

दोन नकार झाले. हे दोघांनाही माहीत होतं.

"अगदी रात्रीपुरता?"

व्हर्लिनने खुर्चीकडे पाहिलं नाही. दारातून आर्डिसची शाल दिसत होती, वर होणारी, खाली होणारी. तिच्याकडे बघत तो म्हणाला,

"नाही."

मांड्यांवर थापा पडल्या नाहीत.

मग खुर्ची करकरली, माणूस नीट रेलून बसतो तशी. टेबलापाशी एक आखूड श्वास आला. त्याच्या शेवटी आर्डिसच्यासारखीच बारीक शिटी होती.

"बरं. मग बसतो मी इथंच," आवाज म्हणाला. "कॉफी केलेलीच असेल, तर अर्धा कप बघा."