केळीमागचं जांभळं फूल

"आनंद, नाक दाब आणि चल! घूस मेलीय की मांजर, आज शोधायचंच!"

"पण सुलूताई, वास बनाबाईंच्या सुकटीचा आहे ना? तूच तर काकांना सांगितलंस!"

सुलू भराभरा पुढे चालू लागली. मे महिन्याची सुट्टी मजेत चालली होती आणि काल अचानक परसात घाण सुटली. तेव्हा ती पटकन तसं बोलून गेली होती. संस्थानच्या कचेरीतले रघुवीरकाका लगेच भडकले! परसातल्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बनाबाईंना त्यांनी बजावलं, "उद्या खोली मोकळी कर!"

आज सकाळी, नुकत्याच बनाबाई गाठोडं घेऊन उत्रोली गावाला निघाल्या होत्या. खोली रिकामी झाली, पण वास उलट वाढलाच होता!

हुंगत हुंगत दोघं केळीमागे गेली आणि थबकली. एकही पान नाही, आणि जमिनीतून ताटाएवढं काळपट जांभळं फूल वर आलेलं! मधोमध सुरकुतलेला गोळा. त्यावर माशा घोंगावत होत्या.

"अरे बाप रे! वास याचाच!" आनंद ओरडला. "पण हे आहे तरी काय?"

ओरडा ऐकून आई आणि काका आले. आईलाही ओळखता येईना. काका लांबूनच म्हणाले, "फुलाला कधी असा वास येतो का? काहीतरीच!"

"मग हुंगून बघा ना! घाबरता की काय?" सुलू म्हणाली.

काका ऐटीत वाकले... आणि धोतर सावरत थेट विहिरीपर्यंत पळाले!

आनंदनं बुडाशी खुरपं चालवलं, हातानं माती उकरली आणि तो किंचाळला, "आई गं! हात खाजतोय!"

खाली भलामोठा गड्डा होता.

"सुरण!" सुलू ओरडली. "सुरणाचं फूल!"

"अगं बाई!" आई म्हणाली. "मीच पुरला होता आणि काढायचा विसरले. फुलेपर्यंत कोण ठेवतंय सुरण!"

"शाब्बास!" विहिरीपासून काका म्हणाले.

सुलूला ती शाबासकी नकोशी झाली. चपला न घालताच ती उत्रोलीच्या वाटेला धावली. मागोमाग आनंद, आणि धापा टाकत काका.

"बनाबाई, थांबा! वास आमच्याच सुरणाचा होता. तुमचं नाव... मी घेतलं." सुलूला वर बघवेना.

काकांनी हात जोडले. "चुकलं माझं. परत चला."

बनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "म्या किती डाव खोली सारवली, ताई! मलाबी वाटाया लागलं, माझाच वास येतोय."

सुलूनं गाठोडं काखेत घेतलं. वाटेत जो भेटेल त्याला बनाबाई कौतुकानं सांगत होत्या, "ह्या लेकीनं सोदून काढलं बगा! लई हुशार!"

दर वेळी सुलूची मान आणखी खाली जात होती.