निळीचा माठ कोणी मारला?

"खून झालाय," बाई दारातूनच म्हणाली.

भाऊ ताडकन उठला. "कुणाचा?"

"माठाचा."

भाऊ पुन्हा बसला. ताई मात्र हसली नाही. लोकांच्या भानगडी सोडवून पोट भरणाऱ्या माणसाला हसणं परवडत नाही. आईच्या कुळाशी भांडून ती बाहेर पडली, तेव्हापासून लोक तिला बिनघरची म्हणत. तिच्यासोबत हा धाकटा भाऊ होता, कारण त्याला कुणी नेलाच नव्हता. त्या मुलखात मुलगे लग्न होऊन बायकोच्या घरी जात आणि न खपलेला मुलगा म्हणजे आईच्या गळ्यातली धोंड. भाऊला एका घरानं जाड म्हणून नाकारला, दुसऱ्यानं फार प्रश्न विचारतो म्हणून.

"नीट सांगा," ताई म्हणाली.

बाईचा भाऊ रंगारणींच्या कुळात जावई होता. त्या घरात निळीचा एक भला मोठा माठ होता. पणजीच्याही आधीपासून आंबवत, रोज कोंडा घालून जिवंत ठेवलेला. माठ म्हणजेच ते घर. काल सकाळी तो मेलेला सापडला आणि जावयाचा हात निळा दिसला.

"पुरुषाचा हात लागला की माठ मरतो म्हणतात. आज संध्याकाळी त्याला पुलापलीकडे घालवणार आहेत. पोरगी तिथंच राहील, मूल कुळाचं असतं ना. पुन्हा तिचं तोंडसुद्धा दिसायचं नाही त्याला."

"मग तुमच्याकडे घेऊन जा," भाऊ म्हणाला.

"दिलेला मुलगा परत घेतात होय कुठं? बायको आहे तोवर घर. तुम्हाला एवढंही ठाऊक नाही?"

भाऊचे कान तापले. हे त्याला कुणी घरी शिकवलंच नव्हतं, शिकवायची वेळच आली नव्हती.

माठाची खोली अंगणाच्या टोकाला होती. तिथे फक्त कुळाच्या प्रमुख मोठ्या आई आणि त्यांच्या दोन मुली जात. किल्ली मोठ्या आईंच्या गळ्यात. त्यांच्या बोटांची टोकं जन्मभराच्या निळीनं काळी पडली होती, आणि तिथून रंग मनगटापर्यंत फिका होत गेला होता.

"खिडकीतून हात घातला मेल्यानं," त्या म्हणाल्या. माठ खिडकीखालीच होता, वाकलं की बोटं बुडतील असा.

आत आंबूस वास भरला होता. भाऊनं नाक दाबलं. "माठाला असाच वास येतो का?"

"छे! घाण येते, पण आंबट नाही. चुना आणि राख हे त्याचं अन्न. आंबट त्याला विष."

ताईनं रुमाल माठात बुडवला, बादलीत खळबळला. तो होता तसा पांढरा निघाला.

"जिवंत असता तर हिरवा निघाला असता," मोठ्या आई म्हणाल्या, "आणि वाऱ्यावर निळा झाला असता. मग कितीही घासा, जात नाही." त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या आईनं शेवटचा श्वास घेताना मला याची चव बघायला लावली होती हो."

"परवा संध्याकाळी कोंडा कुणी घातला?"

"थोरलीनं. या आठवड्यात तिची पाळी. पण तिचं नाव काढू नका. लेकीच्या हातानं माठ मरत नाही."

धाकटी ओसरीवर गुडघे मिटून बसली होती. मोठ्या आईंनी नुकतंच आपल्यामागे कूळ तिच्या हाती द्यायचं ठरवलं होतं.

"आता काय देणार?" ती म्हणाली. "जिच्याकडे जिवंत माठ, तिच्या हाती कूळ. आता सगळ्या सारख्याच भिकारणी."

"थोरलीला राग आला असेल, तुला निवडल्याचा?" ताईनं विचारलं.

"आला असणारच. पण माझ्याशी एका शब्दानं बोलली नाही. मोठ्या मनाची आहे."

जावई, म्हणजे थोरलीचा नवरा, गोठ्यात बांधल्यासारखा बसला होता. साबणानं घासून घासून त्याची कातडी सोलवटली होती. तळहात आणि बोटांच्या बेचक्या गडद निळ्या, टोकं तेवढी स्वच्छ. एवढं घासून टोकंच निघाली बिचाऱ्याची, असं भाऊला वाटलं.

"माठाला हात लावला होता?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग हे निळं कशाचं?"

त्यानं हात मांडीखाली दडवला. मग हलकेच म्हणाला, "बहिणीनं बोलावलं ना तुम्हाला? परत जा. मी पुलापलीकडे जायला तयार आहे."

"खाई त्याला खवखवे," भाऊ बाहेर आल्यावर म्हणाला.

थोरलीची खोली भट्टी झाली होती. ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी आणि तिच्याशेजारी गोधड्यांचा ढीग.

"पोरीला हुडहुडी भरते," थोरली म्हणाली. चेहरा शांत होता. "नवऱ्याचं म्हणाल तर नशीब. नवरा दुसरा मिळतो. माठ मिळत नाही."

भाऊ घाम पुसत अंगणात आला. तिथं एक सात-आठ वर्षांची पोर हौदाशी उभी राहून डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतून घेत होती.

"तुला थंडी वाजत नाही का गं?" त्यानं विचारलं.

"या उन्हात?" पोर खिदळली आणि तिनं तांब्या त्याच्याच अंगावर उपडा केला.

ऊन कलताना ताईनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. जावयालाही आणलं. पोर धावत जाऊन त्याच्या मांडीवर बसली.

"याच्या हाताचा रंग जात नाही, म्हणून हा गुन्हेगार, असं तुम्ही म्हणता," ताईनं सुरुवात केली. "उलट आहे. मेल्या माठाचा रंग धुतला की जातो. याला लागलेली नीळ जिवंत होती."

"जिवंत होती, ती यानंच मारली!" मोठ्या आई म्हणाल्या.

"खिडकीतून बोटं बुडवली असती तर आधी टोकं रंगली असती, तुमची रंगलीत तशी. याची टोकं कोरी आहेत आणि तळवा निळा. यानं काही बुडवलं नाही, काहीतरी उचललं. खालून हात लावून, पाझरणारं काहीतरी. नवं कोरं मडकं."

जावयानं मान वर केली. "ताई, बस करा."

"माठ मेला तो आंबटानं. वास सगळ्यांना आला. पण तुम्हाला पुरुषाचा हात पुरला, पुढचा विचार कशाला करताय? परवा संध्याकाळी एक बाई कोंड्याचं मडकं घेऊन आत गेली आणि मडकं घेऊन बाहेर आली. रोजचंच. जाताना मडक्यात कोंड्याखाली आंबट सिरक्याची बाटली होती. येताना त्याच मडक्यात, सिरका ओतण्याआधी काढलेलं, माठातलं जिवंत पाणी होतं, दही लावायला विरजण काढून ठेवावं तसं. जड मडकं अंगणातून खोलीपर्यंत तिनं नवऱ्याला उचलायला लावलं. आत काय आहे हे त्याला सकाळी कळलं."

"ताई, पाया पडतो," जावई म्हणाला.

"विरजणाला ऊब लागते. पोर उन्हात पाणी ओतून घेतेय आणि आईच्या खोलीत शेगडी पेटलीय. चार आठवड्यांनी थोरली आपला जिवंत माठ घेऊन पुढं आली असती. मग धाकटीची निवड कुठली आणि काय! भाऊ, आतल्या गोधड्या उचल."

भाऊनं गोधड्या उचलून खालचं मडकं ओसरीवर आणलं. निळ्या डागांचं ते मडकं कोमट होतं. मोठ्या आईंनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. माठ जगला होता. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. भाऊला ताईचा एवढा अभिमान वाटला की त्यानं बहिणीच्या पाठीवर थाप मारली.

थोरली उठून उभी राहिली. "मी जन्मभर कोंडा घातला," ती आईला म्हणाली. "आणि तू हिला निवडलंस."

"पुलापलीकडे," मोठ्या आई डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

"आणि हा सुटला ना?" जावयाच्या बहिणीनं विचारलं.

"सुटला. निर्दोष आहे." मोठ्या आई म्हणाल्या. "पण आता बायको नाही त्याला या घरात. राहणार कुणाचा म्हणून? त्यानंही जावं."

त्याच्या बहिणीनं तोंडावर पदर घेतला, पण माझ्याकडे चल, हे शब्द तिच्या तोंडातून निघाले नाहीत.

"मला एकट्याला जाऊ द्यायला हवं होतं तुम्ही," जावई ताईला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भाऊला सहन होईना. "म्हणून तर गप्प होतो. बाप गेला तरी हिला आई राहिली असती."

त्यानं पोरीला मांडीवरून उतरवलं. धाकटीनं तिचा हात धरला.

"तुला हे आधी कळलं होतं?" भाऊनं विचारलं.

"शेगडी पाहिली तेव्हाच," ताई म्हणाली.

"मग?"

"खरं काय ते विचारलं होतं रे मला."

भाऊला आयुष्यात पहिल्यांदा बहिणीचा राग आला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून तोही टिकेना.

दोघं नवराबायको फाटकातून बाहेर पडली, एकमेकांकडे न बघता. आत बायका मडकं माठाच्या खोलीकडे नेत होत्या, जपून, थेंब सांडू न देता. पोर फाटकाकडे बघत होती.

"आई कधी येणार?" तिनं विचारलं.

"आजपासून मी आई," धाकटी म्हणाली आणि तिनं फाटकाची कडी लावून घेतली.