लोणच्यातला मका

"हात धुतलास ना? मग परत बघ." प्रज्वल म्हणाला. तेजलने तळवे उघडले. साबणाने दोनदा घासूनही ते गुलाबीच होते!

कॅम्प चार नावाच्या वस्तीत, मामाच्या गोदामात सांडलेला मका ती सकाळपासून पोत्यात भरत होती. दाणे होळीत लोळून आल्यासारखे गुलाबी. अंबरनाथहून सुट्टीला आलेल्या तेजलला तेव्हापासून चैन पडेना. मामेभाऊ प्रज्वल खुशाल आंबा चोखत होता, आणि शेजारचा सनी म्हणत होता, "रंगीत पॉपकॉर्न होगा, यार!"

महेंद्रमामा माणूस लाख मोलाचा, पण घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली. कुणाचा उरलासुरला माल स्वस्तात मिळतोय म्हटलं की पोतं उघडून बघायलाही थांबायचा नाही. "परदेशी मका असाच असतो. कोंबड्या काय रंग बघून खातात?" एवढं बोलून तो कोंबड्या पाळणाऱ्या गिऱ्हाइकांकडे न्यायला टेम्पो भरायला लागला. एक पोतं तर त्याने सकाळीच ओळखीच्या भाजीवाल्याबरोबर बारवी धरणाजवळ गंगूमावशीकडे धाडलं होतं. मावशीचं घर कोंबड्यांवर चालायचं. संध्याकाळी दाणे टाकताना ती नवं पोतं उघडणार, हे तेजलला ठाऊक होतं. त्या कळपातली तुरेवाली फुलवा तर तेजलने पिल्लू असल्यापासून सांभाळलेली. फोन लावला, तर लागेना. मावशीच्या पाड्यावर बांधावर चढल्याशिवाय रेंज येत नाही.

"पोत्यावर वेबसाइट छापलीये," प्रज्वल म्हणाला. आता कुठे त्याने आंबा खाली ठेवला होता.

तिघं गोदामातल्या बिलांच्या कॉम्प्युटरवर तुटून पडली. पान उघडलं, पण सगळं जर्मन! इतक्यात ब्राउझरने वरच्या कोपऱ्यात विचारलं, भाषांतर करू का? तेजलने मराठी निवडली. डोळ्यांदेखत पान मराठी झालं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "लोणचे घातलेले मक्याचे बियाणे."

मामा मागून डोकावला आणि पोट धरून हसला. "बघ! लोणच्यातला मका! कोंबड्यांची तर चैन आहे." आणि टेम्पोची किल्ली शोधायला गेला.

सनी आणि प्रज्वलही खो खो हसत होते. तेजल मात्र हसली नाही. बियाण्याला कुणी लोणचं घालतं का? तिने पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. तळाशी एक लाल चौकट होती. बाकी सगळं मराठी झालं आणि चौकटीतली अक्षरं मात्र जर्मनच राहिली होती.

"हे का नाही बदललं?"

"चित्र आहे ते," सनी म्हणाला. आता त्याचंही हसू थांबलं होतं. "चित्रातलं हा पढतच नाही. हाताने टाइप करावं लागेल."

प्रज्वल एकेक अक्षर वाचू लागला, तेजल टाइप करू लागली. मध्येच डोक्यावर दोन टिंबं असलेला यू आला. तो कीबोर्डवर सापडेना. "टिंबं सोड, बिना टिंब का डाल!" सनी ओरडला. बाहेर मामा किल्लीच्या नावाने शिमगा करत होता. शेवटचं अक्षर पडलं आणि मराठी उमटलं: "विषारी. जनावरांना किंवा कोंबड्यांना खायला देऊ नये."

 घाईघाईने तेजलने वरचं पान इंग्रजीत करून पाहिलं. तिथे लोणच्याचा मागमूस नव्हता. कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं, पेरायचं बियाणं होतं ते! ते ओळखू यावं म्हणूनच त्याला रंग दिला होता. जर्मनमधला एकच शब्द मुरवण्याला आणि औषध चोळण्याला चालतो; यंत्राने औषध चोळण्याचं लोणचं केलं होतं.

मामाला वाचून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला. "आधी ताईकडे," एवढंच तो म्हणाला, आणि पोती पटापट खाली उतरवून घेतली. प्रज्वलने गुपचूप खिशातून किल्ली काढून दिली. खात्री होईपर्यंत बाप माल घेऊन निघू नये म्हणून पोराने ती केव्हाच लपवली होती!

बदलापूर मागे पडलं, तरी रस्ता काही सरेना. तिन्ही पोरं मामाशेजारी दाटीवाटीने बसली होती. तेजल सारखी सूर्याकडे बघत होती. पाड्याशी टेम्पो पुरता थांबण्याआधीच तिने उडी मारली. अंगणात मावशी सूप भरून उभी होती, आणि फुलवा तिच्या पायात घुटमळत होती.

"मावशी, टाकू नकोस!"

मावशी दचकली. सूप तसंच तिच्या हातात राहिलं. एक दाणाही खाली पडला नाही. तेजलने ते काढून घेतलं, आणि मग फुलवाला उराशी धरून ती हमसून हमसून रडली.

सगळं ऐकल्यावर मावशीने आधी पोरांना साबणाने हात धुवायला लावले, आणि मग भावाकडे वळली. "म्हद्या, पोरांना जे दिसलं ते तुला दिसलं नाय?"

मामा मान खाली घालून म्हणाला, "मी लोणचं वाचलं आणि हसलो, ताई. ही पोरगी खालपर्यंत वाचत गेली. आजपासून पोतं आधी हिला दाखवायचं, मग उचलायचं." ती सगळी पोती विकणाऱ्याच्या दारात परत टाकायची, हेही त्याने कबूल केलं.

निघताना मावशीने तेजलच्या हातात कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली. "घे गं बाय. हे खायचं लोणचं. भाषांतर नको याला."